पॅन्डेमिक: एपिडेमिक निघाल्यावर इव्हेंट कार्ड नेमकं कधी खेळायचं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काय समजलंय ते स्पष्ट होईल. चौघं मिळून पॅन्डेमिक खेळत होतात, म्हणजे जगाच्या नकाशावर पसरणारे चार रोग सगळ्यांनी एका बाजूने मिळून आवरायचा पटावरचा खेळ. पाच एपिडेमिकचा डाव होता; एपिडेमिक म्हणजे भिडूंच्या गठ्ठ्यात मिसळलेलं, साथ भडकवणारं कार्ड. जाऊबाईंनी चार चाली संपवून दोन कार्डं काढली. एक इस्तंबूल, दुसरं एपिडेमिक. ते दिसताक्षणी तुमच्या दिरांनी हातातलं फोरकास्ट हे इव्हेंट कार्ड, म्हणजे भिडूंना मदत करणारं खास कार्ड, टेबलावर ठेवलं. ‘इव्हेंट कधीही खेळता येतो, नियमातच लिहिलंय.’ तुम्ही म्हणालात, आता उशीर झाला. वाद नको म्हणून त्यांना खेळू दिलंत. पुढे रेझिलियंट पॉप्युलेशन हे दुसरं इव्हेंट कार्ड केव्हा टाकायचं यावरून पुन्हा तेच झालं. मग दिल्लीपासून आउटब्रेकची साखळी लागली (रोगाचे तीन ठोकळे असलेल्या शहरावर चौथा यायची वेळ आली की शहर फुटतं आणि रोग शेजारच्या शहरांत जातो, तो आउटब्रेक) आणि दिल्ली दुसऱ्यांदा फुटते की नाही, यावर डाव अडला. शिवाय एका पाळीत दोन एपिडेमिक निघाले तर काय, आणि इतर सहकारी कार्डखेळांतही असाच क्रम असतो का, हेही तुम्हाला हवंय. सगळ्या कार्डांची क्रमवार यादी मिळाली तर बरं, असं तुम्ही लिहिलंय.

यादी करता येईल, पण ती तुम्हाला पुरणार नाही. दर डावात कार्डांची नवी जोडी जमते आणि ती नेमकी यादीत नसते. तुमच्या सगळ्या वादांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: एखाद्या कार्डाचं काम सुरू झालं की ते पुरं होईपर्यंत मध्ये कुणाला दुसरं कार्ड घुसवता येतं का? याचं उत्तर पक्कं झालं की बाकीची उत्तरं तुम्ही स्वतःच काढाल.

एक गोष्ट तुमच्या खोक्यावर अवलंबून आहे. मॅट लीकॉक यांचा हा खेळ 2008 मध्ये आला आणि 2013 मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. क्वारंटाइन स्पेशालिस्ट आणि कंटिन्जन्सी प्लॅनर या भूमिका तुमच्या खोक्यात असतील तर तुमच्याकडे सुधारित आवृत्ती आहे. मी लिहितेय ते त्या सुधारित आवृत्तीच्या मूळ खोक्याबद्दल. वर एखादा विस्तार जोडला असेल किंवा तुम्ही 2015 ची लेगसी मालिका खेळत असाल, तर त्या कार्डांवर जे छापलंय ते माझ्या उत्तराच्या वर.

पाळीची रचना तुम्हाला माहीत आहे: चार चाली, मग दोन कार्डं काढायची, मग शहरांना संसर्ग, म्हणजे दुसऱ्या गठ्ठ्यातली इन्फेक्शन कार्डं उघडून त्यांच्यावरच्या शहरांत रोगाचे ठोकळे ठेवायचे. इव्हेंट कार्ड या तिन्ही टप्प्यांत, कुणाच्याही पाळीत, ज्याच्या हातात असेल तो खेळू शकतो आणि त्याला चाल खर्च करावी लागत नाही. इथपर्यंत तुमच्या दिरांचं बरोबर आहे. पण त्याच वाक्याला नियमपुस्तिकेत एक अट जोडलेली आहे: कार्ड काढणं आणि त्याचं काम पुरं होणं, या दोहोंच्या मध्ये इव्हेंट खेळता येत नाही. ही अट बहुतेक घरांत निसटते, कारण शिकवणारा ‘कधीही’ एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

ही अट का आहे? या खेळात दोन गठ्ठे पालथे असतात आणि सगळी भीती त्या पालथेपणात आहे. इव्हेंट कार्ड हा विमा आहे, तो घटना घडण्याआधी काढायचा. एपिडेमिक पाहिल्यावर, किंवा इन्फेक्शन कार्डावर मुंबई दिसल्यावर, ‘थांबा, आता मी हे खेळतो’ म्हणता आलं असतं तर कुणीच कधी आधी खेळलं नसतं. सगळेजण इव्हेंट धरून बसले असते आणि वाईट कार्ड दिसलं की तेवढ्यापुरतं पुसून टाकलं असतं. मग अंदाज बांधायला, एकमेकांशी बोलायला, धोका पत्करायला काही उरलंच नसतं.

सहकारी खेळात ही अट सांभाळणं जास्त अवघड जातं, हे मी नवीन मंडळींना शिकवताना सतत बघते. रमीत समोरचा माणूस लगेच हटकतो, कारण तुमच्या चुकीत त्याचं नुकसान असतं. इथे सगळे एकाच बाजूला. शंका आली की चौघांचंही हित एकाच उत्तरात असतं, आणि हटकणारा माणूस उगाच मोडता घालतोय असं वाटायला लागतं. तुम्ही हटकलंत ते योग्यच केलंत.

तर तुमच्या पहिल्या वादाचं उत्तर: एपिडेमिक उघडं पडल्यावर फोरकास्ट खेळता येत नाही. आधी एपिडेमिकचं काम पुरं, मग बाकी सगळं. पण नियम बाजूला ठेवला तरी त्या क्षणी फोरकास्ट टाकणं मला पटत नाही. फोरकास्ट इन्फेक्शनच्या गठ्ठ्यातली वरची सहा कार्डं बघून हव्या त्या क्रमाने परत ठेवू देतं. एपिडेमिक मात्र खालचं कार्ड काढतं, आणि नंतर टाकलेल्या कार्डांचा ढीग पिसून त्याच गठ्ठ्याच्या वर ठेवतं. म्हणजे इतक्या विचाराने लावलेली सहा कार्डं त्या ढिगाखाली गाडली जाणार.

फोरकास्टची खरी जागा एपिडेमिक पुरं झाल्यानंतर आणि संसर्गाचं पहिलं कार्ड उघडण्याआधी आहे. तेव्हा वरची सहा कार्डं म्हणजे आधीच पोळलेली शहरं असतात. त्यातली तीन ठोकळ्यांची शहरं खाली सरकवायची, एकेका ठोकळ्याची वर आणायची. संसर्गाचा दर, म्हणजे दर पाळीला उघडायची इन्फेक्शन कार्डं, दोन असेल तर सहा कार्डांत तीन पाळ्या निघतात, तीन असेल तर दोन. एवढ्या वेळात मेडिक, म्हणजे ठोकळे उचलण्यात तरबेज भूमिका, कुठल्या कुठे पोचतो. तुमच्या दिरांनी अर्धा मिनिट थांबून तेच कार्ड टाकलं असतं तर ते नियमातही बसलं असतं आणि कितीतरी जास्त उपयोगी पडलं असतं.

आता एपिडेमिकच्या आत काय चालतं ते सावकाश बघू, कारण गोंधळ तिथेच होतो.

पहिली पायरी, दर वाढवणं. पट्टीवरचे आकडे दोन, दोन, दोन, तीन, तीन, चार, चार असे आहेत. खूण पहिल्या दोनवर असते, त्यामुळे पहिल्या दोन एपिडेमिकना दर दोनच राहतो आणि तिसऱ्याला तीन होतो. अनेकजण तिसऱ्या एपिडेमिकच्या पाळीत सवयीने दोनच इन्फेक्शन कार्डं उघडतात. वाढलेला दर त्याच पाळीपासून लागू होतो, कारण ही पायरी संसर्गाच्या टप्प्याच्या आधी आली आहे.

दुसरी पायरी, संसर्ग. गठ्ठ्याच्या तळाचं कार्ड काढून त्या शहरावर तीन ठोकळे. शहरात त्या रंगाचे ठोकळे आधीपासून असतील तर तिनापर्यंत भरायचे आणि एक आउटब्रेक. तो आउटब्रेक, त्याची साखळी असेल तर तीही, सगळं इथेच संपवायचं. मग ते कार्ड टाकलेल्या ढिगात जातं.

तिसरी पायरी, ढीग पिसून गठ्ठ्याच्या वर ठेवणं. फक्त टाकलेली कार्डं पिसायची, अख्खा गठ्ठा नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये एक फट आहे आणि ती फक्त रेझिलियंट पॉप्युलेशनसाठी उघडी आहे. हे कार्ड टाकलेल्या ढिगातलं कुठलंही एक इन्फेक्शन कार्ड खेळातून कायमचं काढून टाकतं, आणि एपिडेमिकच्या या दोन पायऱ्यांमध्ये ते खेळता येईल, असं त्याच्यावर मुद्दाम छापलेलं आहे. एवढं स्पष्ट लिहावं लागलं, यातूनच कळतं की बाकीच्या चार इव्हेंटना ती मुभा नाही. म्हणजे एअरलिफ्ट, गव्हर्नमेंट ग्रँट, फोरकास्ट आणि वन क्वाएट नाइट यांनी एपिडेमिक संपेपर्यंत थांबायचं.

या फटीत रेझिलियंट खेळायचं की नाही हे मात्र परिस्थितीवर आहे. समजा तळातून मुंबई निघाली, तीन काळे ठोकळे बसले आणि कार्ड ढिगात गेलं. डावाच्या सुरुवातीची नऊ, पुढच्या दोन पाळ्यांची चार आणि ही मुंबई मिळून ढिगात चौदा कार्डं झाली. आता पिसून दोन उघडणार. मुंबई याच पाळीत येण्याची शक्यता सातात एक. शेजारी मोकळे असतील तर मी रेझिलियंट हातात ठेवते आणि पुढच्या भिडूला मुंबईकडे पाठवते. पण दर तीन झालाय, मागच्या एपिडेमिकनंतर तीनच पाळ्या गेल्या आहेत आणि ढिगात मुंबई धरून दहाच कार्डं आहेत, तर शक्यता दहात तीन होते. दिल्ली, चेन्नईही भरलेल्या असतील तर मी क्षणभरही थांबत नाही. मुंबईचं कार्ड बाहेर. त्यानंतर उरलेल्या डावात मुंबईचं कार्ड निघणार नाही, मात्र शेजारच्या शहरातून ठोकळा येऊ शकतो, हे विसरायचं नाही.

काही मंडळी रेझिलियंट आधीच, एपिडेमिकची चाहूल लागण्यापूर्वी खेळून टाकतात. चालतं. फक्त मग तळातून कोण येणार आहे हे माहीत नसताना निवड करावी लागते, म्हणून मला ती घाई आवडत नाही.

दोन एपिडेमिक एका पाळीत निघाले तर पहिल्याच्या तिन्ही पायऱ्या पुऱ्या करायच्या, मग दुसऱ्याच्या. या दोघांच्या मध्ये इव्हेंट खेळता येतो, नियमपुस्तिका तसं स्पष्ट सांगते. पण धोका बघा. पहिल्या एपिडेमिकने ढीग उचलून वर ठेवला, म्हणून ढीग रिकामा. दुसऱ्याने तळातून एक शहर काढलं, तीन ठोकळे ठेवले, ढिगात ते एकटंच कार्ड, आणि तेच ‘पिसून’ गठ्ठ्याच्या माथ्यावर. आता संसर्गाचं पहिलं कार्ड तेच निघणार आणि ते शहर फुटणार. इथे रेझिलियंट त्या फटीत खेळलं तर प्रश्नच मिटतो. फोरकास्ट ते कार्ड सहाव्या क्रमांकावर ढकलतं. वन क्वाएट नाइट संसर्गाचा येणारा टप्पा वगळतं, पण कार्ड माथ्यावर तसंच राहतं. पुढच्या भिडूला तिथे पोचून ठोकळा उचलायला चार चाली मिळतात, एवढीच उसंत. एअरलिफ्टने मेडिकला तिथे नेलं तर? तो रोग बरा करण्याचा उपाय सापडलेला असेल तर मेडिक पोचताच ठोकळे आपोआप उचलतो, म्हणून काम होतं. उपाय सापडला नसेल तर ठोकळे उचलायला चाल लागते, आणि चाली संपलेल्या आहेत.

तुमच्यासाठी एक दिलासा आहे. चौघांच्या, पाच एपिडेमिकच्या डावात एका पाळीत दोन एपिडेमिक येऊच शकत नाहीत. हिशेब करून बघा: 48 शहरं आणि 5 इव्हेंट मिळून 53 कार्डं. प्रत्येकाला दोन वाटली की 45 उरतात. त्यांचे नऊ-नऊचे पाच भाग, प्रत्येकात एक एपिडेमिक मिसळलं की दहा-दहाचे पाच भाग. दोन-दोन कार्डं काढत गेलं की एक भाग बरोबर पाच पाळ्यांत संपतो आणि कुठलीही जोडी दोन भागांत पसरत नाही. चार किंवा सहा एपिडेमिक घेतलेत तर भाग असे नेटके पडत नाहीत आणि जोडी सांध्यावर येऊ शकते. पाचाच्या डावात सांधा दोन भिडूंच्या मध्ये पडतो: एकाच्या पाळीत भागाच्या शेवटच्या जोडीत एपिडेमिक, लगेच पुढच्याच्या पाळीत नव्या भागाच्या पहिल्या जोडीत दुसरं. तेव्हा दर दोन असेल तर ढिगात मागच्या पाळीची दोन आणि तळाचं एक अशी तीनच कार्डं असतात आणि त्यातली दोन लगेच उघडणार असतात. म्हणून एपिडेमिक निघालं की ते भागातलं कितवं कार्ड होतं, याच्यावर लक्ष ठेवा.

दोन कार्डं काढली, त्यात एक एपिडेमिक आणि दुसरं रेझिलियंटच असेल तर? नियम सांगतो की दोन्ही कार्डं एकत्र काढायची, एकामागून एक नाही. म्हणजे एपिडेमिकचं काम सुरू होताना रेझिलियंट तुमच्या हातात आलेलं आहे आणि त्या फटीत ते वापरता येतं. मी माझ्या टेबलावर असाच निर्णय देते. हातातल्या कार्डांच्या मर्यादेचंही तसंच. मर्यादा सातची, पण ती एपिडेमिकचं काम संपल्यावर मोजायची, आणि एपिडेमिक हातात धरलं जात नाही, त्याच्या बदली दुसरं कार्डही काढायचं नाही. जाऊबाईंच्या हातात आधीच सात असतील तर इस्तंबूल आठवं. पण ते टाकायची घाई नको. आधी तळातून कोणतं शहर पेटलं ते बघायचं, मग ठरवायचं कोणतं कार्ड सोडायचं, किंवा एखादा इव्हेंट खेळून हात सातावर आणायचा. तळातून बगदाद निघालं तर शेजारच्या इस्तंबूलला थेट उडवून नेणारं ते कार्ड हातात असणं मोलाचं ठरतं. क्रम असा लावल्यामुळे निर्णयाच्या आधी माहिती मिळते.

आता संसर्गाचा टप्पा आणि तुमची दिल्ली.

पहिली गोष्ट, इन्फेक्शन कार्डं एकेक करून उघडायची. दोन-तीन एकदम उघडून मग ठोकळे ठेवायची सवय फार ठिकाणी दिसते आणि तिने दोन कार्डांमधली जागा बंद होते. एका कार्डाचं काम पूर्ण झालं आणि पुढचं अजून उघडलं नाही, या क्षणी इव्हेंट खेळता येतो.

उदाहरण पटावर लावून बघा. दिल्ली तीन, कोलकाता तीन, मुंबई दोन, चेन्नई दोन, आणखी कुठेही काळा ठोकळा नाही. आउटब्रेकची खूण शून्यावर. कार्ड निघालं दिल्ली. चौथा ठोकळा ठेवायचा नाही, दिल्ली फुटली, खूण एकवर. दिल्लीला जोडलेली शहरं तेहरान, कराची, मुंबई, चेन्नई, कोलकाता. तेहरान एक, कराची एक, मुंबई तीन, चेन्नई तीन. कोलकात्यात आधीच तीन आहेत, म्हणजे तिथे साखळी लागणार, पण दिल्लीचं वाटप पूर्ण झाल्यावर. मग कोलकाता फुटलं, खूण दोनवर. बँकॉक एक, हाँगकाँग एक. दिल्ली याच कार्डावर फुटून गेलीये, तिला ठोकळा नाही. चेन्नई आता तीनवर आहे, म्हणून तीही फुटली, खूण तीनवर. बँकॉक दोन, जकार्ता एक. मुंबई तीनवर, तीही फुटली, खूण चारवर. कराची दोन. बाकी शेजारी फुटून गेलेले.

एका कार्डात चार आउटब्रेक. काळे ठोकळे दहाचे एकोणीस झाले, चोवीसपैकी हातात पाच उरले.

तेव्हा तुमच्या वादाचं उत्तर: एका इन्फेक्शन कार्डाचं काम चालू असताना कुठलंही शहर एकदाच फुटतं. साखळी फिरून दिल्लीकडे आली तरी दिल्लीला ठोकळा मिळत नाही. ती सवलत त्या कार्डापुरतीच, हे मात्र लक्षात ठेवा. त्याच पाळीतलं दुसरं कार्ड मुंबई निघालं तर सगळी पाटी कोरी. मुंबई पुन्हा फुटते, तिच्यामुळे दिल्ली आणि चेन्नई, त्यांच्यामुळे कोलकाता, खूण आठवर, डाव संपला. शून्यावरून आठवर, फक्त दोन कार्डांत.

साखळीत दोन-तीन शहरं एकदम फुटायच्या बेतात असली की आधी कोणतं घ्यायचं यावरही लोक भांडतात. इथे क्रमाने काही फरक पडत नाही. प्रत्येक शहर एका कार्डावर जास्तीत जास्त एकदा फुटतं आणि फुटलेल्या प्रत्येक शेजाऱ्याकडून एकच ठोकळा मिळतो. त्यामुळे मुंबई आधी घ्या किंवा चेन्नई, शेवटी पट सारखाच दिसतो. विसरायला होणार नाही असा कोणताही क्रम धरा.

त्या दोन कार्डांच्या मध्ये वाचता आलं असतं का? वन क्वाएट नाइटने नाही. ते संसर्गाचा येणारा टप्पा वगळतं, सुरू झालेला टप्पा अर्ध्यात थांबवत नाही. ते खेळायचं तर पहिलं कार्ड उघडण्याआधी. फोरकास्टने हो, मुंबईचं कार्ड वरच्या सहांत दिसलं असतं आणि खाली सरकवता आलं असतं. आणि एअरलिफ्टनेही, क्वारंटाइन स्पेशालिस्ट डावात असेल तर. ती ज्या शहरात उभी असते तिथे आणि त्याला जोडलेल्या सगळ्या शहरांत ठोकळे पडत नाहीत, आउटब्रेक होत नाहीत. दिल्लीचं काम संपल्याबरोबर तिला दिल्लीत आणून ठेवलं की मुंबई, चेन्नई, कोलकाता, कराची, तेहरान सगळी तिच्या आडोशाला. पुढचं मुंबईचं कार्ड नुसतं ढिगात जाईल. फक्त तिची सोंगटी हलवण्याआधी तिच्या भिडूची परवानगी घ्यायची, तसं कार्डावरच लिहिलंय.

डावाच्या शेवटाबद्दल थोडक्यात. चौथा उपाय सापडला त्या क्षणी जिंकलात, मग पुढे काढायची कार्डं, संसर्ग काही करायचं नाही. भिडूंच्या कार्डांचा गठ्ठा संपला म्हणून लगेच हरत नाही. दोन कार्डं काढायची वेळ आली आणि तेवढी नाहीत, तेव्हा हरता. म्हणजे शेवटची दोन कार्डं गेल्यावरही पुढच्या भिडूच्या चार चाली शिल्लक असतात. त्या मोजून ठेवा, कितीतरी डाव तिथे जिंकले जातात.

इतर खेळांबद्दल. ‘कार्ड काढल्यापासून काम संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही’ हा नियम पॅन्डेमिकचा आहे, तो सगळीकडे नेऊ नका. आर्कहॅम हॉरर या 2016 च्या कार्डखेळात किंवा 2019 च्या मार्व्हल चॅम्पियन्समध्ये उलट अनेक कार्डं मध्ये घुसण्यासाठीच बनवलेली आहेत. तिथे कार्डावरचा शब्द वाचायचा. घटना घडण्याआधी लागणारी कार्डं आधी, घडल्यानंतरची नंतर. आणि एकाच क्षणाला सक्तीचा परिणाम आणि ऐच्छिक परिणाम दोन्ही उभे राहिले तर सक्तीचा आधी. बरोबरीचे दोन उरले तर क्रम ठरवायचा अधिकार आर्कहॅममध्ये प्रमुख तपासनिसाचा, मार्व्हलमध्ये पहिल्या खेळाडूचा. त्या खेळांत वाद झाला तर आधी बघा, दोन्ही कार्डं खरंच एकाच क्षणाला लागतात का. बहुतेकदा लागत नाहीत.

पॅन्डेमिकमध्ये तुमच्या घरासाठी मी एकच सवय सुचवेन. ज्याची पाळी असेल त्याने कार्डाला हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं, ‘काढू का? कुणाला काही खेळायचंय?’ दोन कार्डं काढण्याआधी एकदा, आणि प्रत्येक इन्फेक्शन कार्डाआधी पुन्हा. सगळ्यांनी नाही म्हटलं की मगच कार्ड. सुरुवातीला कंटाळवाणं वाटेल, पण दोन पाळ्यांत ते अंगवळणी पडतं, आणि ‘मी बोलणारच होतो’ हे वाक्य टेबलावरून नाहीसं होतं. हळू बोलणाऱ्या भिडूलाही त्यात जागा मिळते. अशा डावांत हुकमी कार्ड बऱ्याचदा त्याच्याच हातात असतं.

आणि चूक झाल्याचं मागाहून कळलं तर? मी असं ठरवलंय: त्यानंतर एकही पालथं कार्ड उघडलं नसेल तर मागे जायचं, ठोकळे पूर्ववत करायचे आणि योग्य क्रमाने पुन्हा खेळायचं. एखादं कार्ड उघडून बघितलं असेल तर तसंच पुढे जायचं, कारण बघितलेलं न बघितल्यासारखं करता येत नाही. तुमच्या त्या डावात दिरांची फोरकास्टची सहा कार्डं बघून झाली होती. म्हणून ती लावलेली तशीच ठेवायची, फोरकास्ट वापरलं गेलं असं धरायचं, आणि एपिडेमिकच्या तिन्ही पायऱ्या पहिलीपासून करायच्या.